बुरुजावरचा काळा झगा

१

मेर्गाश गावच्या बुरुजाला एकशे बारा पायऱ्या आहेत. चढताना मी मोजत नाही, माझे गुडघे मोजतात. त्या शनिवारी सात परदेशी पाहुण्यांना घेऊन मी वरच्या सज्जावर पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते, आणि ठरल्याप्रमाणे आता, आमच्या आधीच वर गेलेल्या साबिननं कोपऱ्यातून काळा झगा पसरून आमच्या अंगावर यायला हवं होतं. पाहुणे किंचाळतात, मग हसतात, मग फोटो काढतात. चार वर्षं हेच चाललं होतं.

तो आला नाही. एक डच बाई कॅमेरा डोळ्याला लावून तयार होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं पिशाच्च झोपलंय वाटतं." सगळे हसले, मीही हसलो. मग मला कठड्यावर झगा दिसला. व्यवस्थित चौघडी करून ठेवलेला.

बुरुजाच्या मागं कोणी जात नाही, तिथं नुसतं रान माजलंय. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. साबिन त्या रानात पालथा पडला होता. पाहुण्यांना मी एवढंच म्हटलं, "चला, खाली चला, आज वरचा भाग बंद आहे." तेवढं तरी कसं बोललो कोण जाणे.

मी पांतेलिमोन. गावातले सगळे पांतेकाका म्हणतात. बावीस वर्षं पोलिसात होतो, पण खून-दरोडे माझ्या वाट्याला आले नाहीत. मी रस्त्यावरच्या अपघातांची मापं घ्यायचो. निवृत्तीनंतर ब्राशोव शहरातून मिनीबस चालवतो. एका दिवसात दोन किल्ले, एक जुनं गाव आणि पोटभर पिशाच्चं, अशी आमची सहल. साबिन माझा गाईड. अडतीस वर्षांचा, जिभेवर साखर आणि डोक्यात सतत काहीतरी नवीन खूळ. मला तो आवडायचा.

ठाण्याचा प्रमुख रारेश वीस मिनिटांत आला आणि पुढच्या चाळीस मिनिटांत निकाल लावून मोकळा झाला.

"बायको मार्चमध्ये सोडून गेली. झोपेच्या गोळ्या चालू होत्या. झगा काढला, घडी करून ठेवला. उडी आहे, काका."

"झगा दाखव मला."

गळ्यापाशी एक पितळी आकडा असतो. शुक्रवारी तो निखळला होता म्हणून मीच मासे धरायच्या दोऱ्यानं पक्का शिवून दिला होता. आता आकडा लावलेला होता तसाच बंद होता, पण एका बाजूनं कापडासकट उपटून आला होता.

"स्वतः झगा काढणारा माणूस आकडा उघडतो," मी म्हटलं. "उपटत नाही. आणि साबिननं जन्मात कशाची घडी घातलेली नाही. रोज हा झगा मी घडी करून पिशवीत कोंबायचो."

"काका, तुम्ही अपघातवाले," रारेश म्हणाला. "कोणी गाडी ठोकली तर तुम्हाला बोलावतो."

२

आमच्याकडे उडी मारून मेलेल्याला पाद्री मिळत नाही. घंटा वाजत नाही. दफनभूमीत कुंपणाला लागून एक पट्टा आहे, तिथं त्याला ठेवतात, आणि पुढं कधी त्याचं नाव चर्चमध्ये वाचलं जात नाही. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. साबिनच्या आईला विचारा.

पारास्किवा मावशी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पाय सुजल्यामुळं उन्हाळ्यापासून त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. मी गेलो तेव्हा त्या चुलीशेजारी बसल्या होत्या. थोरला मुलगा लेओंतिन बाकावर बसून स्वतःच्या बुटांकडं बघत होता. त्रेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आईपाशीच राहणारा. बुरुजाची किल्ली त्याच्याकडं असते, तिकिटंही तोच फाडतो. गावात त्याच्याइतका कमी बोलणारा माणूस नाही.

"पांते, तू पोलिसात होतास ना?" मावशी म्हणाल्या.

"होतो, मावशी. पण गाड्यांचा."

"मग माझं पोरगं गाडी आहे असं समज. कुठून आलं, कुठं पडलं, ते माप."

"रारेश म्हणतो..."

"रारेशला मी लंगोट बांधलेत. तो काय म्हणतो ते मला सांगू नकोस. मंगळवारी पुरायचंय. तोवर मला पाद्री आणून दे. कोणाला शिक्षा नको, कोणाला तुरुंग नको. एक पाद्री आणि एक घंटा, बास."

"आई, काकांना कशाला त्रास," लेओंतिन म्हणाला.

"तू गप्प बस. भाऊ आहे तुझा."

मी हो म्हटलं. बायका रडून काही मागतात तेव्हा मला नाही म्हणता येत नाही, आणि न रडता मागतात तेव्हा तर मुळीच नाही.

लेओंतिन मला फाटकापर्यंत सोडायला आला. कडी चाळवत उभा राहिला.

"होर्याला विचारलंत का, काका?" तो शेवटी म्हणाला. "त्या वेळी तो बुरुजाच्या दारावर लाथा घालत होता."

३

होर्या दुसऱ्या कंपनीचा गाईड. त्याची बस आमच्यापेक्षा मोठी आणि तोंड बसपेक्षा मोठं. रविवारी सकाळी तो ब्राशोवला बस धूत होता. मला बघताच त्यानं पाइप बंद केला.

"या, या. मी त्याला भर चौकात म्हटलं होतं की एक दिवस तुला बुरुजावरून खाली फेकीन. अख्ख्या गावानं ऐकलंय. आता तुम्ही मला पळत पकडणार का, ह्या गुडघ्यांनी?"

"तू पळणार असलास तर थोडा हळू पळ," मी म्हटलं. "शनिवारी किती वाजता गेला होतास तिथं?"

तो जरा नरमला. भांडण वेळेचं होतं. दोघांनाही बुरुज बारालाच हवा असायचा. वेळ बदलून मागायला तो दहा पस्तीसला गेला. तिकीटखिडकीवर 'आत्ता येतो' अशी पाटी होती. खिडकी बाजाराच्या गल्लीत उघडते आणि बुरुजाचं दार बाजूच्या अंगाला आहे, म्हणून तो वळसा घालून दाराशी गेला.

"कुलूप होतं?"

"ते ओढलं की आपोआप लागणारं कुलूप आहे, ते असतंच. पण नुसतं कुलूप असलं की दार थोडं खुळखुळतं. चार वर्षं त्या दाराशी झटतोय मी. काल ते जागचं हललं नाही. आतून अडसर घातलेला होता."

"मग?"

"मग काय, साबिन मला टाळतोय असं वाटलं. दोन लाथा घातल्या, चार शिव्या घातल्या आणि आलो." त्यानं पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं. "शेवटचं बोललो ते असलं बोललो, काका."

परतताना मी हिशोब लावला. दहा पस्तीसला अडसर आतून लागलेला. बारा वाजायच्या सुमारास लेओंतिननं माझ्यादेखत बाहेरून किल्लीनं दार उघडलं, म्हणजे तेव्हा अडसर नव्हता. मधल्या वेळात कोणीतरी तो काढला आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं. मी थेट ठाण्यात गेलो.

रारेशनं शांतपणे ऐकून घेतलं. "अडसर साबिननंच काढला असेल. होर्या गेल्यावर खाली आला, अडसर काढला, परत वर गेला आणि उडी मारली. का नाही?"

तो बरोबर बोलला होता आणि त्याचाच मला जास्त राग आला.

४

स्मरांदा, साबिनची बायको, बुरुजाच्या पायथ्याशी गोड पाव विकते. लाकडी दांड्याला कणीक गुंडाळायची, निखाऱ्यावर फिरवायची आणि साखरेत घोळवायची. सोडून गेली म्हणजे फार लांब गेली नव्हती, साबिनच्या घरून आपल्या आईच्या घरी, दोन गल्ल्या. रविवारी दुपारीही तिचं दुकान चालू होतं.

"बंद ठेवून काय करू?" ती म्हणाली. "पाहुणे विचारतायत, पिशाच्चानं उडी मारली ती जागा कुठली. तुमच्या साबिननं असली गिऱ्हाइकं तयार करून ठेवलीत."

"तुझाही साबिन होता."

"होता." तिनं दांडा फिरवला. "नवरा होता तोवर बरा होता. मग तो चोवीस तास गाईड झाला. माझ्या बाळंतपणात मूल गेलं, तेसुद्धा त्यानं एका फ्रेंच जोडप्याला रंगवून सांगितलं. त्या दिवशी मी पिशवी भरली. आणि मग बापाची कबर."

मी मान खाली घातली. कबरीचं मला ठाऊक होतं, मीच तर गाडी तिथं नेत होतो.

साबिनचा बाप तोदोर चौऱ्याण्णव साली गेला. त्या हिवाळ्यात शेळ्या मेल्या, मग एक पुतण्या खंगायला लागला. तोदोर स्त्रिगोय झालाय, कबरीतून उठून येतोय, असं त्याच्या भावांनी ठरवलं. एका पहाटे त्यांनी कबर उघडली आणि अशा मढ्याचं करतात तसं काळीज काढून जाळलं. लेओंतिन तेव्हा चौदाचा होता, त्याला कंदील धरायला उभं केलं होतं. साबिन नऊ वर्षांचा, घरी झोपलेला. साबिनकडं ती गोष्ट आली. लेओंतिनकडं काय आलं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

सप्टेंबरपासून आमच्या सहलीत तो थांबा वाढला होता. साबिन म्हणायचा, "बाकीचे प्लास्टिकचे दात विकतात, काका, आपण खरा माल दाखवतो." पाहुणे कबरीला टेकून फोटो काढायचे. मी गाडीत बसून बघायचो. कधी कधी हसायचोही. ह्याची मला लाज वाटते.

"शनिवारी तर मृतांचा शनिवार होता," स्मरांदा म्हणाली. "सगळं गाव आपापल्या कबरींवर मेणबत्त्या घेऊन जाणार, आणि हा त्यांच्यात सात परदेशी आणून उभे करणार. लेओंतिननं आठवडाभर हात जोडले त्याच्यापुढं. त्या दिवशी तरी नको म्हणून."

"लेओंतिनला पाहिलंस का शनिवारी?"

"दहा पंचविसाला पाटी लावून गेला. घरी गेला असेल, गहू न्यायला." त्या दिवशी प्रत्येक घरातून उकडलेला गोड गहू आणि मेलेल्यांच्या नावांची यादी चर्चमध्ये जाते. "अकराला दहा कमी असताना चर्चकडं चाललेला दिसला. हातात वाडगा होता, वर फडकं. माझ्याकडं न बघताच गेला. मला वाटलं, घाईत आहे."

"होर्याच्या लाथा ऐकल्यास?"

"कुठं? माझ्या भट्टीचा पंखा चालू असतो. इथं शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. गल्लीत कुणालाच कळलं नाही, होर्यानंही मान खाली घालून बस गाठली."

तिनं मला एक पाव कागदात बांधून दिला आणि मी तो हातात धरून तसाच उभा राहिलो. लेओंतिन खिडकीत नव्हता. घरी असता तर गावाच्या दुसऱ्या टोकाला असता. मग होर्याच्या लाथा त्यानं कुठून ऐकल्या?

५

नुसत्या एका वाक्यावर कुणाला खुनी म्हणता येत नाही. लेओंतिन म्हणाला असता, कोणीतरी सांगितलं, आणि विषय संपला असता. सोमवारी सकाळी मी पाद्री युस्तिन यांच्याकडं गेलो. उडी नव्हती हे मानायला त्यांना नेमकं काय लागेल, एवढंच विचारायचं होतं. ते अंगणात पानं झाडत होते.

"मला बिशपांची परवानगी लागते," ते म्हणाले, "आणि बिशपांना पोलिसांचा कागद लागतो. पांतेलिमोन, त्या बाईला नाही म्हणताना मला काय होतं ते मला माहीत आहे. पण माझ्या हातात नाही."

मी निघालो तेव्हा त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"एक विचारू? दोन दिवस माझ्या मनातून जात नाही. शनिवारी अकरा वाजता मी याद्या वाचायला लागलो. तुला माहीत आहे, त्यात आडनावं नसतात, फक्त बारशाची नावं. शेकडो नावं, मी भराभर वाचत जातो. त्यात मी साबिन हे नाव वाचलं."

मी परत अंगणात आलो.

"गावात ह्या नावाचं कोणी मेलेलं नाही," ते पुढं म्हणाले. "मला वाटलं, कुणा बाहेरच्यांचं असेल. तासाभरानं तू त्याला पाहिलंस. मी हे देवाचं बोलणं समजून बसलोय."

"फादर, मेलेल्यांच्या यादीत जिवंत माणसाचं नाव कोण लिहील?"

"लिहितात. शाप म्हणून. कुणाचं वाईट व्हावं असं वाटलं की लिहितात, मग कबुली द्यायला येऊन रडतात. पाप आहे ते."

"त्या चिठ्ठ्या कुठं आहेत?"

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या, चाळीस दिवस ते ठेवतात. आम्ही दोघं पायरीवर बसून एकेक बघू लागलो. पाऊण तासानं ती सापडली. वहीचा चौकटीचा कागद, त्यावर पेन्सिलीनं कापऱ्या अक्षरात पाच नावं: तोदोर, वेरोनिका, इलिए, आना, पुन्हा इलिए. पारास्किवा मावशींचं अक्षर मी ओळखतो, दर नाताळला त्यांचं कार्ड येतं. आणि पाच नावांखाली निळ्या बॉलपेननं सहावं नाव. साबिन.

यादी लिहिली आईनं. चर्चमध्ये आणली लेओंतिननं. अकरा वाजायच्या आत दिली. आणि अकरा वाजता साबिन मेला आहे हे साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक असणार होतं.

तरी त्यानं लिहिलं का? गप्प राहिला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. पण हे मला समजायला वेळ लागला नाही, मी ह्याच गावचा आहे. दिवसभर परदेशी लोकांना रबरी वटवाघळं विकणारे आम्ही, एका गोष्टीला मात्र मनातून भितो. ज्याच्या हातात मरताना मेणबत्ती नव्हती, ज्याचं नाव कोणी घेतलं नाही, त्याला वाट सापडत नाही आणि तो परत येतो. परत आलेल्याचं काय करतात ते लेओंतिननं कंदील धरून पाहिलं होतं. खून लपवणारा माणूस असलं नाव लिहिणार नाही. भाऊ लिहील.

"म्हणजे मी त्याचं नाव वाचलं," पाद्री म्हणाले. "एकदा तरी वाचलं गेलं. उडी ठरली तर मला पुन्हा वाचता येणार नाही."

६

मी चिठ्ठी तिकीटखिडकीत त्याच्यासमोर ठेवली. शेजारी दोरीला बांधलेलं निळं बॉलपेन लोंबत होतं.

लेओंतिननं चिठ्ठी पाहिली, मग खिडकीवर पाटी लावली आणि मला आत बोलावलं. एक स्टूल होतं, ते त्यानं मला दिलं.

"फक्त त्या दिवसापुरतं नको म्हणत होतो," तो म्हणाला. "अडसर मीच घातला, कोणी मधे येऊ नये म्हणून. वर गेलो. पाया पडलो त्याच्या, काका. तो हसला. म्हणाला, दादा, तू पण ये ना कबरीपाशी, तू तर तिथं होतास, तू सांगितलंस तर लोक जास्त..." तो थांबला. "मी झगा धरला. तो मागं सरकला. झगा माझ्या हातात राहिला."

"होर्या तेव्हा दाराशी होता?"

"तो आधी. आम्ही वर बोलत होतो तेव्हा लाथा ऐकू आल्या. तो गेल्यावर हे झालं."

"घडी का घातलीस?"

"काय करावं सुचेना. हातात कपडा होता. मग खाली आलो, आईची यादी आणि वाडगा सकाळपासून इथंच होते, पेन घेऊन नाव लिहिलं आणि चर्चला गेलो."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, ढकललं नसशील तर खून ठरणार नाही, काही वर्षं जातील, पण सुटशील. आणि साबिनला पाद्री मिळेल, घंटा वाजेल. त्यानं मान डोलावली. गेल्या तीन दिवसांत तो पहिल्यांदाच नीट श्वास घेतोय असं मला वाटलं.

"आधी आईला सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही चारला रारेशला घेऊन घरी या. त्याच्यासमोर सगळं बोलतो."

मी विश्वास ठेवला. अजूनही म्हणेन, तो खोटं बोलत नव्हता.

७

चारला आम्ही गेलो. लेओंतिन बाकावर त्याच जागी होता. त्यानं आईला अजून काही सांगितलं नव्हतं, हे मला त्याच्या तोंडाकडं बघूनच कळलं.

रारेशनं चिठ्ठी मावशींपुढं धरली. ह्या वेळी तो गंभीर होता, माझं म्हणणं त्याला पटायला लागलं होतं. "मावशी, हे शेवटचं नाव कोणाच्या हातचं आहे?"

मावशींनी चष्मा लावला. चिठ्ठी उजेडाकडं नेली. पाच नावांवरून नजर खाली आली आणि सहाव्यावर थांबली. त्यांनी पेनचा निळा रंग पाहिला. मग मान वळवून लेओंतिनकडं पाहिलं, फार नाही, चुलीवरचं भांडं उतू जात नाही ना एवढं बघायला लागतं तेवढाच वेळ.

"माझ्या," त्या म्हणाल्या.

"आई..." लेओंतिन उठला.

"लाकडं आण."

"आई, मी..."

"चूल विझायला आलीय. लाकडं आण म्हटलं ना."

तो गेला. रारेशनं माझ्याकडं पाहिलं. मावशींनी चिठ्ठी घडी करून मांडीवर ठेवली.

"बापाच्या कबरीचा तमाशा केला त्यानं," त्या म्हणाल्या. "मला तो मेला, असं वाटलं मला त्या सकाळी. म्हणून लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, पेन घेतलं. आईनं जिवंत पोराला मेलेल्यांत लिहिलं आणि ते पोरगं गेलं. लिहून घे, रारेश. गावाला सांग हवं तर."

गाव काय म्हणणार, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ह्या बाईनं पोराला शाप देऊन मारलं, असं गाव म्हणणार होतं, आणि आता म्हणतंच.

लेओंतिन लाकडं घेऊन आला. चुलीपाशी वाकला आणि एकेक लाकूड आत सारत राहिला.

"तुला काही सांगायचंय?" रारेशनं विचारलं.

मावशी त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या. मी मनात म्हणत होतो, बोल बाबा, बोल. तो वाकलेलाच राहिला.

"नाही," तो म्हणाला.

तिकीटखिडकीत तो मला काय बोलला ते मी अंगणात रारेशला सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुमच्यापाशी बोलला, माझ्यापाशी नाही. आई म्हणते, मी लिहिलं. मी आईला खोटारडी म्हणू?" आणि तो गेला.

मी आत परतलो. लेओंतिन मागच्या अंगणात कुऱ्हाड चालवत होता, लाकडं पुष्कळ असतानाही.

"मावशी, तुम्हीच मला पाद्री आणायला सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं. तू माझं दुसरं पोरगं न्यायला आलास."

"साबिनला कुंपणाशी ठेवतील. घंटा नाही. कधीच नाही."

"मला शिकवू नकोस, पांते." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "जो गेला त्याला मी फक्त घंटा देऊ शकते. ह्याला अजून भूक लागते."

८

मंगळवारी अकराला साबिनला पुरलं. पाद्री आले नाहीत. ते चर्चच्या दारात उभे होते, आम्ही जाईस्तोवर तिथंच होते, पण पुढं आले नाहीत. गावातलं बाकी कोणी नव्हतं. स्मरांदा आली, होर्या आला आणि टोपी हातात घेऊन मागं थांबला. खड्डा लेओंतिननं एकट्यानं खणला होता. मी फावडं मागितलं तर दिलं नाही.

मावशींना मी मिनीबसमधून आणलं. जिथं डच, फ्रेंच, अमेरिकन बसतात त्या पुढच्या सीटवर त्या चार महिन्यांनी घराबाहेर बसल्या होत्या. कुंपणापर्यंत गाडी जात नाही म्हणून मी आणि लेओंतिननं त्यांना घरून आणलेल्या खुर्चीत बसवून उचललं. प्रार्थना कोण म्हणणार हे कुणी विचारलं नाही. त्यांनीच म्हटली, अर्धी, मग पुढचे शब्द आठवेनात. होर्यानं मागून उरलेली म्हटली.

लेओंतिननं माती लोटली. शेवटचं फावडं टाकून झाल्यावर तो काय करावं न कळून उभा राहिला. ह्या माणसाला तुरुंगात नेलं असतं तर त्याची सुटका झाली असती, हे मला तेव्हा स्वच्छ दिसलं. आता त्याला रोज त्या घरी जेवायचं होतं, त्या बाईनं वाढलेलं. आणि तिला रोज वाढायचं होतं.

"इकडं ये," मावशी म्हणाल्या.

तो गेला. त्यांनी त्याचे दोन्ही हात ओढून आपल्या शालीत घेतले. त्याला ते सोडवून घ्यायचे होते, मला दिसत होतं, पण त्यांनी सोडले नाहीत.

"गार पडलेत," त्या म्हणाल्या आणि चोळत राहिल्या.